जर्मनीतून आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जाताना: व्हिसा, कस्टम्स आणि बाकीचं सगळं

प्रश्न असा आहे: जोडपं स्टुटगार्टला राहतं. नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा रेसिडेन्स परवाना) आहे. बायकोचं रेसिडेन्स कार्ड नूतनीकरणाला दिलंय आणि सध्या तिच्या हातात परदेशी नागरिक कार्यालयाने दिलेला तात्पुरता कागद आहे. पाच वर्षांची मुलगी आहे, आणि तीन महिन्यांचं बाळ. पुण्याहून आई-बाबा मे महिन्यात दोन महिन्यांसाठी येणार, जर्मनीच्या व्हिसावर. त्यांना चार-पाच दिवस स्वित्झर्लंड दाखवायचं आहे. वेगळा व्हिसा लागेल का? गाडीने जावं की ट्रेनने? खाण्यापिण्याचं काय न्यावं? परतीचं विमान झुरिकहून स्वस्त मिळतंय, ते घेतलं तर चालेल का?

दक्षिण जर्मनीत राहून भारतीय कुटुंबांच्या प्रवासाची आखणी करणं हेच माझं काम आहे, आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे येतो. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

वेगळा व्हिसा लागत नाही. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. २००५ साली तिथल्या लोकांनी सार्वमतात शेंगेनला होकार दिला आणि १२ डिसेंबर २००८ पासून जर्मनी-स्वित्झर्लंड रस्त्यावरची पासपोर्ट तपासणी उठली. युरोपियन युनियनच्या कस्टम्स व्यवस्थेत मात्र तो देश आजही नाही. त्यामुळे एकाच ठिकाणी दोन वेगळ्या सीमा आहेत. माणसांसाठीची जवळपास पुसली गेली आहे, सामानासाठीची जशीच्या तशी आहे. मोबाइल, विमा, रस्त्याचा कर आणि पैसे यांचेही आपापले नियम आहेत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं: व्हिसा लागत नाही हे कळलं की लोक धरून चालतात की काहीच लागत नाही.

आधी माणसांचं बघू.

तुमच्याकडे चालू ब्लू कार्ड आणि चालू भारतीय पासपोर्ट आहे, म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत तुम्ही बाकीच्या शेंगेन देशांत फिरू शकता. दोन्ही गोष्टी मूळ स्वरूपात खिशात हव्यात. नुसतं प्लास्टिकचं कार्ड पुरत नाही, फोनमधला फोटो तर मुळीच नाही. आणि ही मुभा फिरण्याची आहे. तिथल्या ऑफिसात बसून काम करायचं असेल तर नियम वेगळे, ते या सहलीत मिसळू नका.

बायकोच्या कागदाकडे नीट लक्ष द्या. त्याला फिक्शन्सबेशाइनिगुंग म्हणतात. तो घडीचा असतो आणि आतल्या बाजूला तीन पर्याय छापलेले असतात, त्यातल्या एका चौकटीत खूण असते. तिसऱ्या चौकटीवर खूण असेल, म्हणजे आधीचा परवाना पुढे चालू आहे असं मानलं गेलं असेल, तर तो कागद, मुदत संपलेलं जुनं कार्ड आणि पासपोर्ट असे तिन्ही एकत्र बाळगून प्रवास होतो. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीवर खूण असेल तर जर्मनीबाहेर पाऊल टाकू नका, कारण त्या कागदावर परत आत येता येत नाही. तिसरी चौकट असली तरी निघण्याआधी आपल्या कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर मागून घ्या आणि त्याची छापील प्रत सोबत ठेवा. रात्री ट्रेनमध्ये कागद तपासणारा तरुण पोलीस दर वेळी या तीन चौकटींचा जाणकार असेलच असं नाही. कार्ड आठवड्या-दोन आठवड्यांत हातात पडणार असेल तर मी सहल पुढे ढकलायला सांगते, आणि आई-बाबा दोन महिने इथे असताना ते सहज जमण्यासारखं आहे.

बाळाचं काय, हे तुम्ही विचारलंच नाही, आणि बहुतेक जण विचारत नाहीत. जर्मनीत जन्मलं म्हणून मूल आपोआप जर्मन होत नाही. आई-वडील दोघं भारतीय नागरिक असतील आणि इथे येऊन फार वर्षं झाली नसतील, तर बाळही भारतीयच. त्याला स्वतःचा भारतीय पासपोर्ट हवा आणि स्वतःचा रेसिडेन्स परवाना हवा. परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. जन्मदाखल्याची प्रत दाखवून सीमा ओलांडता येत नाही. तीन महिन्यांच्या बाळाची ही दोन्ही कामं झाली नसतील तर सहलीच्या तारखा त्यावरूनच ठरवाव्या लागतील. आधी कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट, मग हॉटेल.

आता आई-बाबा. त्यांच्या व्हिसाच्या स्टिकरवर ‘कुठे वैध’ या रकान्यात ‘शेंगेनर श्टाटन’ (शेंगेन देश) असं छापलेलं असेल तर स्वित्झर्लंड त्यात आलं. तिथे नुसतं ‘डॉइचलांड’ (जर्मनी) असेल तर तो मर्यादित व्हिसा आहे आणि त्यावर बाहेर जाता येत नाही. असा व्हिसा क्वचितच मिळतो, पण पासपोर्ट हातात आल्या दिवशी हा रकाना वाचा. दुसरा रकाना प्रवेशांच्या संख्येचा. ‘०१’ असेल तरी हरकत नाही, कारण जर्मनीतून स्वित्झर्लंडला जाऊन येणं म्हणजे शेंगेनबाहेर जाणं नव्हे. तिथून चार दिवस लंडनला आत्याकडे जाऊन परत यायचं ठरलं तर मात्र एका प्रवेशाचा व्हिसा संपला. तिसरा रकाना दिवसांचा. व्हिसाची मुदत आणि राहण्याचे दिवस हे दोन वेगळे आकडे असतात. तारखा तीन महिन्यांच्या असतील आणि दिवस ६० लिहिले असतील, तर ६० च खरे. आल्याचा आणि गेल्याचा दिवसही धरायचा, आणि स्वित्झर्लंडमधले दिवस त्याच खात्यात.

व्हिसा अजून काढायचा असेल तर एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. अर्ज त्याच देशाकडे करायचा जिथे मुख्य मुक्काम आहे. तुमच्या आई-बाबांचा तो जर्मनी. मुंबईत जर्मनीची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून एजंट सांगतो, ‘स्वित्झर्लंडचा काढू, लवकर होतो,’ आणि मग जिथे चार दिवस जायचंय तिथे चाळीस दिवसांची खोटी हॉटेल बुकिंग जोडली जातात. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बाबांना सहज विचारलं, ‘कुठे राहणार?’ आणि बाबा खरं बोलले, ‘मुलाकडे, स्टुटगार्टला,’ की गाठ सुटत नाही. आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेल्या माणसाला उतारवयात परक्या काउंटरवर खोटं बोलायला लावू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा घाई टाळणं आपल्याच हातात आहे. फॉर्ममध्ये मुख्य देश जर्मनी लिहा, आणि स्वित्झर्लंडचे चार दिवसही उघडपणे लिहा. त्याने अर्ज कमकुवत होत नाही. मोठ्यांसाठी फी ९० युरो आहे, जून २०२४ पासून. आणि एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एक चांगली सोय झाली आहे: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळतो. तुमच्या आई-बाबांची ही दुसरी खेप असेल तर आधीच्या व्हिसाच्या प्रती जपून ठेवा, पुढच्या वेळी कामी येतील.

शेंगेनमध्ये उतरल्यावर त्यांचा चेहरा आणि बोटांचे ठसे घेतले जातील. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेली ही नवी नोंदणी आहे, पैसे पडत नाहीत. पहिल्या खेपेला रांग लांबते, म्हणून पुढचं कनेक्शन घट्ट ठेवू नका. एटियास नावाच्या ऑनलाइन परवानगीबद्दल नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे फिरतंय ते ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या लोकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच, त्यामुळे त्याच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

तपासणी कधी होते? स्विस बाजूला जाताना कस्टम्सचे लोक असतात, ते सामानाबद्दल विचारतात आणि कागदही बघू शकतात. खरी तपासणी परतताना. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून स्वित्झर्लंडच्या सीमेवर पुन्हा पोलीस तपासणी सुरू केली आणि ती वेळोवेळी वाढवत आणली. सीमेजवळच्या सिंगेन या जर्मन स्टेशनावर किंवा बासेलनंतर ट्रेनमध्ये पोलीस चढतात आणि डबाभर पासपोर्ट बघतात. आईने पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ‘सुरक्षित’ ठेवून दिलेला असतो, असं होऊ देऊ नका. पासपोर्ट हरवला तर बर्नच्या भारतीय दूतावासात जावं लागतं, आणि तिथून तातडीचं म्हणून मिळणारं प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. म्हणून कमरेला बांधायचा पातळ पाऊच घ्या आणि सगळ्या कागदांचे स्कॅन ईमेलमध्ये ठेवा.

आता सामानाची सीमा. ती नीट समजून घ्यायची तर स्टुटगार्टहून जाताना वाटेतच एक गाव लागतं, ब्युझिंगन. जर्मनीचं गाव, पण चारही बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेलं. तिथले नागरिक जर्मन, मतदान जर्मनीत, आणि कस्टम्सच्या हिशोबात गाव स्विस हद्दीत. माणसांची आणि मालाची रेघ वेगळी असू शकते हे ज्याला पटत नाही त्याने तिथे जाऊन यावं.

स्वित्झर्लंडमध्ये शिरताना माणशी १५० स्विस फ्रँकपर्यंतचा माल करमुक्त आहे. १ जानेवारी २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०० होती, आणि जुन्या लेखांतून अजून तोच आकडा फिरतो. तुमचे कपडे, कॅमेरा, लॅपटॉप, अंगावरचे दागिने, म्हणजे जे सोबत नेऊन परत आणणार ते यात धरत नाहीत, आणि प्रवासात खायचा डबाही नाही. झुरिकच्या मित्राकडे चाललात म्हणून जर्मनीतून भेटवस्तू, किराणा, मिठाई भरून नेलीत तर ते मोजलं जातं. शिवाय काही पदार्थांना वजनाची वेगळी मर्यादा आहे: मांस माणशी एक किलो, लोणी आणि क्रीम मिळून एक किलो. तूपही मी त्याच हिशोबात धरते, म्हणजे वाद नको. वाइन पाच लिटर, कडक मद्य एक लिटर, तेही फक्त १७ वर्षांवरच्यांना.

पण आई-बाबांच्या बाबतीत खाण्याची खरी अडचण त्याआधीच, भारतातून जर्मनीत उतरतानाच येते. युरोपियन युनियनबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, खवा, श्रीखंडाच्या वड्या, घरचं कढवलेलं तूप, सगळं त्यात आलं. आईने रात्री जागून केलेले पेढे कस्टम्सच्या डब्यात जाताना बघणं फार वाईट असतं, म्हणून आधीच फोनवर स्पष्ट सांगा. ताज्या फळांना आणि पानांना भारताचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी दोन्ही त्यात आली. फळमाश्यांमुळे मे २०१४ पासून काही महिने युरोपियन युनियनने भारतीय आंब्यावर पूर्ण बंदी घातली होती, तेव्हापासून तपासणाऱ्यांचं आंब्याकडे जरा जास्तच लक्ष असतं. नारळ, केळी, अननस आणि खजूर यांना सूट आहे. बाकी भडंग, मेतकूट, भाजणी, लाडवांत तुपाऐवजी तेलात केलेले बेसनाचे किंवा डिंकाचे, चटण्या, सुके मसाले बिनधास्त आणा.

औषधं महिनाभर पुरतील इतकी स्वित्झर्लंडमध्ये नेता येतात. मूळ पाकिटात ठेवा, आठवड्याच्या डबीत ओतून नेऊ नका. सोबत डॉक्टरची चिठ्ठी, आणि तिच्यावर औषधाच्या ब्रँडऐवजी मूळ घटकाचं नाव. पुण्यातल्या ब्रँडवरून इंटरलाकेनच्या फार्मसीत काही बोध होत नाही. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या असतील तर वेगळं प्रमाणपत्र लागू शकतं, ते डॉक्टरांना आधी विचारा.

परतताना उलट हिशोब: रस्त्याने किंवा ट्रेनने जर्मनीत येताना माणशी ३०० युरोपर्यंतचा माल करमुक्त, १५ वर्षांखालच्या मुलांना १७५. चॉकलेट आणि चीज आणायला अडचण नाही. बाबांनी ल्युझर्नला घड्याळ घेतलं आणि ते ३०० युरोंवर असेल, तर सीमेवर स्वतःहून सांगा. एका वस्तूची किंमत सहा जणांत वाटता येत नाही. स्विस दुकानात एकाच वेळी ३०० फ्रँकवर खरेदी केली तर तिथला व्हॅट परत मागता येतो, फॉर्म दुकानातच घ्यायचा. १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर लेखी घोषणा करावी लागते. पण इतकी रोख सहलीला नेऊच नये.

आणि आता झुरिकहून परतीच्या विमानाबद्दल. व्हिसाच्या दृष्टीने काहीच अडचण नाही. फ्रँकफर्टला उतरून झुरिकहून शेंगेन सोडलं तरी चालतं. पण आई-बाबांनी जर्मनीत खरेदी करून टॅक्स-फ्री, म्हणजे कर परत मिळवण्याचे, फॉर्म घेतले असतील, तर त्यावर शिक्का युरोपियन युनियन सोडताना मिळतो. झुरिक विमानतळ युनियनमध्ये नाही. म्हणजे तो शिक्का जर्मन-स्विस सीमेवरच्या जर्मन कस्टम्सकडून घ्यायचा, वस्तू आणि पासपोर्ट दाखवून, कार्यालय उघडं असताना. गाडीने जाताना थांबून हे होतं. ट्रेनने जाताना फार त्रासाचं आहे, आणि झुरिकला पोचल्यावर तर वेळ निघून गेलेली असते. खरेदी मोठी असेल तर जर्मनीतूनच विमान धरा.

विम्याचा भाग कंटाळवाणा आहे, पण मी तो कुणालाही गाळू देत नाही. तुमच्या जर्मन सरकारी विम्याच्या कार्डामागे युरोपियन आरोग्य विम्याची बाजू असते, पण युरोपियन युनियनबाहेरच्या नागरिकांना, म्हणजे भारतीय पासपोर्टवर तुम्हाला, ती स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. म्हणून सहलीपुरता वेगळा प्रवास विमा घ्या. डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात येतो का, तेही बघा. आई-बाबांचा व्हिसासाठी काढलेला विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांसाठी असायला लागतो, पण पॉलिसी उघडून स्वित्झर्लंडचं नाव वाचा, आणि आधीपासून असलेल्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. स्वस्त पॉलिसीत बीपी, मधुमेह, हृदयविकार वगळलेले असतात, आणि साठीच्या पुढच्या माणसाला नेमकी त्याचीच गरज पडते. स्विस इस्पितळातली एक रात्रही फार महाग पडते. अँब्युलन्ससाठी १४४, डोंगरातल्या हवाई बचावासाठी १४१४, आणि ११२ तर चालतोच.

गाडी की ट्रेन? तुम्ही सहा जण, त्यात बाळ, म्हणून गाडीचा मोह होणार. स्टुटगार्टहून ए-८१ महामार्गाने सिंगेन आणि पुढे शाफहाउझेन, सोपा रस्ता आहे. स्विस महामार्गावर व्हिन्येट, म्हणजे रस्त्याचा कर भरल्याचा परवाना, लागतं, ४० फ्रँक, आणि ते वर्षाचंच मिळतं. दहा दिवसांचं वगैरे तिथे नाही. ऑगस्ट २०२३ पासून ते ऑनलाइन, गाडीच्या नंबरवर घेता येतं. स्विस कस्टम्सच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोधल्यावर वर येणारी बरीच दुकानं तेच जास्त पैशांत विकतात. व्हिन्येट नसेल तर दंड २०० फ्रँक. सहा जणांसाठी सात सीटची गाडी भाड्याने घेत असाल तर स्वित्झर्लंडला नेण्याची लेखी परवानगी आणि व्हिन्येट, दोन्ही काउंटरवरच विचारा.

वेग महामार्गावर १२०, गावाबाहेर ८०, गावात ५०. ऑटोबानच्या (जर्मन महामार्गाच्या) सवयीने पाय दाबू नका. तिथले दंड जबर आहेत, आणि मे २०२४ पासून दोन्ही देशांच्या करारामुळे ८० फ्रँक किंवा त्याहून जास्तीचा स्विस दंड जर्मनीत वसूल करता येतो. पूर्वी लोक पत्र फाडून टाकायचे, ते दिवस गेले. रडारची सूचना देणारी ॲप तिथे बेकायदा आहेत, बंद करून ठेवा. दिवसाही हेडलाइट लावा. निळ्या रेषांच्या पार्किंगमध्ये काचेत निळी तबकडी लावून ठरावीक वेळ फुकट गाडी ठेवता येते, पांढऱ्या रेषांवर बहुधा पैसे भरावे लागतात. आणि झेरमाट, वेंगेन, म्युरेन या गावांत गाडी नेताच येत नाही, खाली ठेवून रेल्वेने किंवा केबल कारने वर जायचं.

माझं स्वतःचं मत ट्रेनच्या बाजूने आहे, विशेषतः आई-बाबा सोबत असताना. स्टुटगार्टहून झुरिकला थेट गाडी आहे, तीन तासांच्या आसपास. त्या मार्गावर कामं चालू असतात, म्हणून आदल्या दिवशी वेळापत्रक पुन्हा बघा, आणि पुढची स्विस गाडी सुटायला निदान अर्धा-पाऊण तास ठेवा, कारण स्विस गाड्या उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाहीत. तिथे पोचल्यावर मात्र ट्रेन, बस, बोट यांच्या वेळा एकमेकींना इतक्या जुळलेल्या असतात की बाबा घड्याळ बघत राहतील. खिडकीतून सगळ्यांना सारखंच दिसतं, गाडी चालवणाऱ्या मुलालासुद्धा, आणि त्या चार दिवसांत त्याने रस्त्याकडे नव्हे तर आई-बाबांकडे बघावं असं मला वाटतं.

तिकिटांत दोन मार्ग आहेत. स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा. तो स्वित्झर्लंडबाहेर राहणाऱ्या कुणालाही मिळतो, म्हणजे तुम्हालाही, फक्त भारतातून आलेल्यांनाच असं नाही. ट्रेन, बस, बोटी त्यात येतात, आणि रिगी डोंगरावर जाणंही. युंगफ्राउयोख या आल्प्समधल्या उंच स्टेशनाला जायला मात्र वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच तो पुरतो, पुढच्या महागड्या टप्प्यावर २५ टक्के सूट. दुसरा मार्ग हाफ फेअर कार्ड, महिनाभर जवळपास सगळं अर्ध्या दरात. रोज नवं गाव बघायचं असेल तर पास, एका ठिकाणी राहून दोन मोठे डोंगर करायचे असतील तर हाफ फेअर. हिशोब करूनच घ्या. सहा वर्षांखालची मुलं फुकट, म्हणजे तुमची दोन्ही. तिकीट चढण्याआधी काढायचं, डब्यात बसून नाही.

युंगफ्राउयोख करावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ते ३,४५४ मीटर उंचीवर आहे. नव्या केबल कारने पहिला मोठा चढ पाव तासात होतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका, आणि तीन महिन्यांच्या बाळाला तर मी नेणारच नाही. भारतातून सगळे तिथलेच फोटो टाकतात म्हणून आईला तिथेच जायचं असतं. पण रिगी फक्त १,७९८ मीटर. ल्युझर्नहून बोटीने फिट्सनाऊला जायचं आणि तिथून १८७१ पासून चालणाऱ्या दातेरी रेल्वेने वर. खाली तलाव, समोर आल्प्सची रांग, बसायला बाक, चालायला सपाट वाटा. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही दिवसभर रमता येतं. जिथे जाल तिथलं डोंगराचं तिकीट आदल्या रात्री ढगांच्या भरवशावर काढू नका. सकाळी उठून शिखरावरचा वेबकॅम बघा आणि मग ठरवा. वर धुकं असेल तर शंभर-दोनशे फ्रँक देऊन फक्त पांढरा पडदा बघायला मिळतो.

वाटेत शाफहाउझेनजवळ र्‍हाइनचा धबधबा लागतो, १५० मीटर रुंद. नॉयहाउझेनच्या बाजूने बघायला पैसे नाहीत, समोरच्या किल्ल्याच्या बाजूने तिकीट आहे. मे-जूनमध्ये बर्फ वितळत असतो, तेव्हा तो सगळ्यात भरलेला. जाताना पहिला थांबा तोच घ्या.

पैशांचं थोडक्यात. चलन स्विस फ्रँक. युरो बऱ्याच ठिकाणी घेतात, पण दर वाईट देतात आणि सुटे फ्रँकमध्ये देतात. कार्ड सगळीकडे चालतं. मशीनने ‘युरोत की फ्रँकमध्ये’ असं विचारलं तर नेहमी फ्रँक निवडा. साध्या हॉटेलातलं एक जेवण २०-३० फ्रँक सहज होतं, म्हणून आमचे लोक दुपारी मिग्रो किंवा कोप या सुपरमार्केटांच्या स्वयंसेवा उपाहारगृहात जातात, आणि रात्रीसाठी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतात. तेच तुम्हाला सोयीचं, बाळाचं पाणी उकळायलाही. नळाचं पाणी आणि रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांवरची उघडी. हॉटेलात नोंदणी केल्यावर बऱ्याच गावांत पाहुण्यांचं कार्ड मिळतं, बासेलला त्यावर शहरातली ट्राम-बस फुकट, इंटरलाकेनला स्थानिक बस. काउंटरवर दिलं नाही तर मागून घ्या.

मोबाइल: युरोपियन युनियनमधल्या फुकट रोमिंगचा नियम स्वित्झर्लंडला लागू नाही. बऱ्याच जर्मन प्लॅनमध्ये तो देश धरलेला असतो, स्वस्त प्रीपेडमध्ये बहुधा नसतो. बाबांच्या भारतीय सिमचं तर वेगळंच. सीमेच्या काठावर, बोडनझे तलावाच्या आसपास, जर्मनीत उभं असतानाही फोन स्विस टॉवर पकडतो, म्हणून सिंगेन आलं की डेटा रोमिंग बंद करा आणि नकाशे आधीच उतरवून घ्या.

प्लग: जर्मनीचे जाडे गोल प्लग स्विस भिंतीत बसत नाहीत. फोनच्या चार्जरचे चपटे दोन पिनांचे बसतात. बाटली उकळायच्या यंत्रासाठी आणि बाबांच्या श्वासाच्या मशीनसाठी, असेल तर, एक ॲडाप्टर आधीच घ्या.

निघण्याआधी तुम्ही मला तीन गोष्टी कळवा: बायकोच्या कागदावर खूण कोणत्या चौकटीत आहे, बाळाच्या पासपोर्टची अपॉइंटमेंट कधीची आहे, आणि आई-बाबांच्या विम्यात आधीच्या आजारांबद्दल काय लिहिलंय. त्यावरून मेमध्ये जायचं की जूनच्या शेवटी, ते ठरवू. हॉटेल तोपर्यंत रद्द करता येईल असंच घ्या.